सोंड गेली, पण ढग खंय गेलो? समुद्रातल्या जलस्तंभाचा धोका नेमका किती

प्रश्न असा आहे : आम्ही निवतीचे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सकाळी साडेसातच्या सुमाराला काकांबरोबर फायबरच्या होडीने बांगड्याच्या जाळ्यावर होतो. दोन-अडीच मैलांवर ढगातून पाण्यापर्यंत राखाडी सोंड उतरली, दहा-बारा मिनिटं राहिली आणि विरून गेली. मी मोबाईलवर व्हिडिओ काढला. काका म्हणतात, ती पाण्यासकट होडी वर ओढते. वडील म्हणतात, काही होत नाही. खरा धोका किती? पुन्हा दिसली तर काय करायचं? माझा मावसभाऊ तारकर्लीला पॅरासेलिंगच्या बोटीवर असतो, त्याला काय सांगू?

उत्तर :

तुमच्या काकांची भीती खरी आहे, तिचं कारण मात्र वेगळं आहे. सोंड, म्हणजे जलस्तंभ, होडी आभाळात ओढून नेत नाही. पण ती उतरते तिथे थांबू नये, आणि ती विरली म्हणून निर्धास्त होऊन जाळं ओढत बसू नये. यातलं दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण पहिलं बहुतेकांना आपसूक कळतं.

मी हवामान निरीक्षक होतो. नोकरीची बहुतेक वर्षं कोकण किनाऱ्यावरच्या वेधशाळांत गेली आणि निवृत्तीनंतर बंदराबंदरांवर तांडेल (होडीचे प्रमुख) आणि खलाशांशी ढगांबद्दल बोलत असतो. आमच्या निरीक्षणाच्या नोंदीत ‘सध्याचं हवामान’ असा एक रकाना असतो. त्यात ०० ते ९९ यांपैकी एकच आकडा लिहायचा. जगभर हाच संकेत आहे. ढगाची सोंड किंवा जलस्तंभ दिसला तर १९. वाऱ्याचा एकाएकी आलेला झपाटा, ज्याला आम्ही स्क्वॉल म्हणतो, तो असेल तर १८. दोन्ही लागू असतील तर मोठा आकडा लिहायचा. म्हणजे सोंडही दिसली आणि झपाटाही आला, तर वहीत फक्त सोंड उरते. माणसाच्या आठवणीतही अगदी तसंच होतं, हे मी पुढे अनेक बंदरांवर अनुभवलं. लोक मला सोंडेची गोष्ट तपशीलवार सांगतात आणि होडी कशाने उलटली ते शेवटी, विचारल्यावर सांगतात.

आधी ओढण्याचा प्रश्न मिटवू. लांबून पाहिलं की समुद्राचं पाणी नळीतून वर चाललंय असंच दिसतं. ऐरावत सोंडेने पाणी ओढून घेतो आणि इंद्र त्याचा पाऊस पाडतो ही पुराणातली कल्पना अशाच एखाद्या दृश्यावरून सुचली असेल तर नवल नाही. पण ती नळी समुद्राच्या पाण्याची नसते, ढगाचीच असते. हवा गरगरा फिरते तेव्हा मधोमध दाब कमी होतो, दाब कमी झाला की हवा गार होते, आणि दमट हवा गार झाली की तिच्यातली वाफ धुक्यासारखी दिसू लागते. गोटी सोड्याची बाटली फोडल्यावर तिच्या गळ्याशी क्षणभर धूर दिसतो ना, तोच प्रकार. खारं पाणी असतं ते तळाशी, वाऱ्याने पृष्ठभाग फाडून उडवलेल्या तुषारांचं एक कडं.

हिशोबही करून बघा. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने (दाब मोजायचं आमचं माप) उतरला तर समुद्राची पातळी साधारण एक सेंटीमीटर चढते. सोंडेच्या पोटात दाब ५० हेक्टोपास्कलने उतरला असं धरलं, तरी पाणी अर्धा मीटर फुगेल. आपण दर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला याच्या कितीतरी पट पाणी चढताना बघतो.

होडीला बाधतो तो आडवा वारा. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. २० नॉटच्या (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) वाऱ्यात तुमची होडी जो धक्का खाते, त्याच्या नऊपट धक्का ६० नॉटला बसतो. साध्या, शांत हवेतल्या जलस्तंभातले वारे बहुतेक वेळा ताशी १३७ किलोमीटरच्या आत असतात. टोर्नेडो मोजायच्या ईएफ मापपट्टीची शून्य नंबरची, म्हणजे सगळ्यात खालची पायरी तिथे संपते. सगळ्यात खालची पायरी ऐकून वडिलांना बरं वाटेल, पण ही पट्टी जमिनीवरच्या घरांची आणि झाडांची पडझड बघून बसवलेली आहे. आठ मीटरच्या फायबर होडीला, वर ताडपत्रीचं छप्पर आणि एका बाजूला ओल्या जाळ्याचा ढीग असताना, तिथला वारा पुरेसा आहे. शिवाय तो एका दिशेने येत नाही. होडी सोंडेत शिरते तेव्हा वारा उजवीकडून असतो, पलीकडे निघते तेव्हा डावीकडून. खलाशी ज्या बाजूला तोल द्यायला सरकलेले असतात, पुढच्या क्षणी तीच बाजू खाली जाते. म्हणून ‘काही होत नाही’ हे वडिलांचं म्हणणंही मला मान्य नाही.

आता तुम्ही पाहिलेली सोंड कुठल्या जातीची. तिच्या दोन जाती आहेत आणि कोकणात त्या ढोबळमानाने वेळेवरूनही ओळखता येतात.

पहिली जात सकाळची. रात्री जमीन गार होते, समुद्र ऊबदार राहतो, आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. आपला किनारा सरळ नाही. खाड्या आहेत, डोंगराचे सोंडेसारखे पुढे आलेले कडे आहेत, मधे अर्धवर्तुळाकार पुळणी. कर्लीच्या खाडीतून बाहेर पडणारा मतलई आणि शेजारच्या कड्याला वळसा घालून येणारा वारा समुद्रावर एकमेकांना भेटतात तेव्हा त्या भेटीच्या रेषेवर बारीक भोवरे तयार होतात. हे भोवरे स्वतः दुबळे असतात. पण त्याच रेषेवर हवा वर चढते, त्यातून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग भराभर वाढतात, आणि ढगाखालची वर जाणारी हवा तो पसरट भोवरा ताणून उभा आणि बारीक करते. फुगडी घालताना दोघी जवळ आल्या, हात आखडले, की गिरकी वाढते. तसाच भोवरा बारीक होताना वेगात येतो. तो पाण्यावर सुरू होतो आणि वर चढतो. दिसायला सोंड वरून उतरते, फिरणं मात्र खालून सुरू झालेलं असतं.

ऑक्टोबर हा याला अगदी सोयीचा महिना. परतीच्या पावसाची ओल हवेत असते, समुद्र ऊबदार असतो, आणि मोसमी वाऱ्याचा जोर ओसरल्याने वरच्या थरात वारे मंद असतात, त्यामुळे ढग सरळ उभे वाढतात. मे महिन्यातही समुद्राचं पाणी २९-३० अंशांवर असतं, तेव्हाही हेच घडू शकतं. ही सोंड पाच ते वीस मिनिटं टिकते, रुंदी बहुतेक वेळा काही दहा मीटर, चाल मंद. तुम्ही सांगितलेली वेळ, टिकण्याचा काळ आणि जागा यांवरून मला ती याच जातीची वाटते.

दुसरी जात दुपारनंतरची, आणि तिच्यापासून खरोखर पळायचं. वळवाच्या दिवसांत आणि पुन्हा परतीच्या पावसात, दुपारी सह्याद्रीच्या माथ्यावर गडगडाटी ढग उभे राहतात. वरचे वारे पूर्वेकडून असतील तर ते ढग संध्याकाळी घाट उतरून किनाऱ्याकडे आणि तिथून समुद्रावर येतात. लोहाराच्या ऐरणीसारखा वरून पसरलेला ढग, पोटात वीज, कधी गारा. अशा ढगाचं सगळं पोटच फिरू लागलं तर त्यातून उतरणारी सोंड हा पाण्यावरचा टोर्नेडोच असतो. तो पावसाच्या पडद्याआड दडलेला असू शकतो, वेगाने सरकतो, आणि किनाऱ्याला लागल्यावर विरेलच याची खात्री नसते. आपल्याकडे ही जात विरळा आहे. पण कोकणच्या होडीवाल्याची एक अडचण अशी की तो पश्चिमेला, खोल समुद्राकडे नजर ठेवून असतो. आमच्या पिढ्यांचं शिक्षणच तसं, वादळ दर्यातून येतं. हा ढग मात्र पाठीमागून, जमिनीवरून येतो. मे आणि ऑक्टोबरमध्ये दुपारी तीननंतर दर पंधरा मिनिटांनी मान वळवून घाटाकडे बघायची सवय लावून घ्या.

जलस्तंभांचा सगळ्यात बारकाईने अभ्यास झाला तो अमेरिकेत, फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या की बेटांजवळ. जोसेफ गोल्डन या हवामानशास्त्रज्ञाने विमानातून त्यांच्याभोवती फिरून, पाण्यावर धूर सोडणारे फ्लेअर टाकून वारा कसा फिरतो ते पाहिलं आणि १९७४ मध्ये जलस्तंभाच्या आयुष्याच्या पाच अवस्था मांडल्या. आधी पाण्यावर एक फिकट चकती आणि तिच्याभोवती काळसर डाग. मग त्या डागाभोवती उजेड-काळोखाचे वेटोळे पट्टे. मग तुषारांचं कडं. मग पूर्ण वाढलेली सोंड. मग ती वाकडी, बारीक होत तुटते. यातल्या पहिल्या दोन अवस्था विमानातून दिसतात, होडीतून जवळपास कधीच दिसत नाहीत. म्हणजे आपल्याला ‘आत्ता सुरू झाली’ असं वाटतं तेव्हा ती खरं तर अर्धी वाट चालून आलेली असते.

याच अभ्यासातली दुसरी कामाची गोष्ट : ढगाखाली अर्ध्यावर लटकलेलं टोक बघून ‘अजून पाण्याला लागली नाही’ असं समजू नका. हवेत वाफ कमी असेल तर खालचा अर्धा भाग दिसतच नाही, भोवरा मात्र पाण्यापर्यंत पोचलेला असतो. लटकत्या टोकाच्या बरोबर खाली पाण्यावर पांढरट फेस फिरताना दिसला की ती लागलेली आहे. आणि सोंडा बऱ्याचदा एकट्या येत नाहीत. भेटीच्या त्या रेषेवर ढगांची रांग असेल तर एक विरली की शेजारच्या ढगाखाली दुसरी उतरू शकते.

आता मला जे मुख्य सांगायचं आहे ते. बऱ्याच वर्षांपूर्वी वेंगुर्ले रॉक्सच्या, म्हणजे निवतीसमोरच्या समुद्रातल्या खडकाळ बेटांच्या, बाहेर मी एका म्हाताऱ्या तांडेलाच्या होडीवर होतो. वेधशाळेचा माणूस बरोबर आहे म्हणून त्याने मला नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, बसवलं होतं. ऑक्टोबरचाच महिना, वेळ दुपारची. अडीच-तीन मैलांवर सोंड उतरली. मी घड्याळ बघून वेळ लिहिली, चित्र काढायला लागलो. सात-आठ मिनिटांत ती दोऱ्यासारखी झाली आणि तुटली. आम्ही सगळ्यांनी सुस्कारा टाकला. आजूबाजूच्या तीन होड्यांनी पुन्हा जाळी ओढायला घेतली. आमच्या तांडेलाने इंजिन चालू केलं, जाळ्याच्या टोकाला बोया आणि झेंडा बांधून दोर सोडून दिला आणि होडी किनाऱ्याकडे वळवली. मी म्हटलं, अहो, गेली की ती. तो म्हणाला, ‘‘सोंड गेली, पण ढग खंय गेलो?’’

पंधरा मिनिटांनी गार वारा आला. आधी अंगावर शहारा यावा इतका गार, मग एकदम भिंतीसारखा. पाऊस आडवा. आम्ही तोपर्यंत निवतीच्या दिशेने बरंच अंतर कापलं होतं. मागे राहिलेल्या तीनपैकी एक होडी जाळ्याच्या बाजूला कलली आणि पालथी झाली. माणसं दुसऱ्या होडीने उचलली, सगळे वाचले. पण एकाचा हात दोरात अडकून मोडला आणि त्याचं समुद्रात जाणं कायमचं थांबलं. ज्या वेळी बाकीच्या होड्यांना हाक मारायला हवी होती, त्या वेळी मी चित्र पुरं करत होतो. ते मला आजही बोचतं. त्या दिवशीच्या रकान्यात मी नियमाप्रमाणे १९ लिहिला. होडी उलटवली होती ती १८ ने.

घडतं ते असं. सोंड ढगाच्या तरुणपणात उतरते, तेव्हा हवा वर चढत असते. थोड्या वेळाने ढगात पाऊस धरतो. पावसाचे थेंब खाली पडताना हवा बरोबर ओढतात, त्यांतले काही वाटेत सुकून ती हवा गार आणि जड करतात, आणि ही जड हवा धबधब्यासारखी कोसळते. पाण्यावर आपटून ती चारही बाजूंना पसरते. हाच तो झपाटा. बऱ्याचदा या गार हवेनेच सोंडेचा श्वास कोंडतो आणि ती तुटते. म्हणजे सोंड तुटणं हाच कधी कधी वारा सुटल्याचा निरोप असतो. सोंड पन्नास मीटर रुंद, झपाटा काही किलोमीटर रुंद. सोंडेला चुकवता येतं, झपाट्याला चुकवायचं तर आधी निघावं लागतं. हवामान खात्याच्या व्याख्येत वेग एकदम किमान १६ नॉटने वाढून २२ नॉट किंवा अधिक झाला आणि निदान मिनिटभर टिकला तर तो स्क्वॉल. प्रत्यक्षात गडगडाटी ढगाखाली तो याच्या दुप्पट-तिप्पटही असू शकतो.

हे फक्त छोट्या होड्यांचं नाही. १९ ऑगस्ट २०२४ च्या पहाटे इटलीतल्या सिसिलीजवळ, पोर्तिचेल्लो या गावासमोर नांगरून उभी असलेली ‘बायेशियन’ नावाची ५६ मीटर लांबीची आलिशान शिडाची बोट काही क्षणांत आडवी होऊन बुडाली. २२ जणांपैकी ७ गेले. पहिले काही दिवस जगभरच्या बातम्यांत एकच शब्द होता, जलस्तंभ. मे २०२५ मध्ये ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाचा अंतरिम अहवाल आला, त्यात गडगडाटी ढगातून सुटलेल्या, ७० नॉटच्या पुढच्या वाऱ्याची शक्यता मांडली आहे. शिडं उतरवलेल्या स्थितीत ६३ नॉटहून थोडा जास्त वारा आडवा लागला तरी ती बोट उलटू शकत होती, असंही त्यात आहे. निसर्गाचा प्रकार कुठला याची चर्चा होत राहील. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की ५६ मीटरच्या बोटीलाही वारा आडवा लागणं हाच घात ठरला.

आणि वीज. सोंडेकडे बघताना विजेचा विसर पडतो. उघड्या होडीत आसपास सगळ्यात उंच वस्तू आपणच असतो. वीज दिसल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा, तिनाने भागा, तेवढे किलोमीटर ती लांब. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि तेवढ्या अंतरावरून ती तुमच्यापर्यंत पोचू शकते. त्या वेळी जाळ्याचा ओला दोर, वायरलेसची एरियल, इंजिनाचा धातू यांना हात न लावता होडीत खाली बसायचं.

आता पुन्हा दिसली तर.

पहिलं काम, ती कुठे चालली आहे ते ओळखा. होडीची दिशा स्थिर ठेवा आणि केबिनच्या किंवा छपराच्या एखाद्या खांबाशी तिला जुळवून बघा. मिनिटभराने ती खांबाच्या डावीकडे किंवा उजवीकडे सरकली असेल तर ती बाजूने जाणार. जागची हलली नाही आणि मोठी होत चालली, तर ती तुमच्याकडे येत आहे. समोरून येणारं जहाज धडकणार की नाही हे तांडेल असंच ओळखतो, काकांना हे वेगळं शिकवावं लागणार नाही.

दुसरं, तिच्या वाटेला काटकोनात निघा. तिच्यापुढे पळू नका आणि तिच्या मागून ‘आता गेली’ म्हणत जवळूनही जाऊ नका. काटकोनाला दोन बाजू असतात. ज्या बाजूला पावसाचा पडदा आणि काळा ढग नाही ती निवडा. सहा नॉटने चालणारी होडी मिनिटाला सुमारे १८५ मीटर कापते, पाच मिनिटांत जवळजवळ एक किलोमीटर. सोंडेची रुंदी बघता एवढं अंतर पुष्कळ आहे. म्हणजे दोन मैलांवर दिसलेल्या सोंडेपासून सुटायला जोराचं इंजिन लागत नाही, लवकर निघणं लागतं. तुमचा दहा मिनिटांचा व्हिडिओ म्हणजे जवळजवळ दोन किलोमीटर होते. कृपा करून पुढच्या वेळी फोन खिशात ठेवा.

तिसरं, जाळं. इथेच माणसं अडकतात आणि मला त्यांचा राग येत नाही, कारण जाळ्याची किंमत आणि त्यावरचं कर्ज मला माहीत आहे. पण होडी जाळ्याला बांधलेली असेल तर ती वाऱ्याकडे तोंड करायला मोकळी नसते. झपाटा आला की ती आडवी होते आणि जाळ्याचा भार तिला त्याच बाजूला ओढतो. म्हणून टोकाला मोठा बोया, झेंडा आणि शक्य तर दिवा कायम तयार ठेवा, जीपीएसवर खूण करा आणि दोर सोडा. जाळं परत मिळण्याची बरीच आशा असते. दोर सोडायला गाठ सुटेना तर कापायला धारदार कोयता हाताशी, नेहमीच्या जागी हवा. म्हाताऱ्या तांडेलाच्या होडीत तो नाळेला खोचलेला असे.

चुकवता आलीच नाही, तर इंजिन चालू, नाळ वाऱ्याला, ताडपत्रीचं छप्पर मोकळं करून खाली, बर्फाच्या पेट्या, क्रेट, गॅसचा सिलेंडर बांधलेले, माणसं तळाला मधोमध बसलेली. उभं कुणी राहायचं नाही. सोंडेच्या तळाशी डोळे उघडता येत नाहीत इतके तुषार असतात, त्यामुळे सुकाणू कुणाकडे आणि कोण काय करणार हे आधीच ठरलेलं हवं. जुन्या काळी जहाजांवरून जलस्तंभावर तोफा डागत, तो फुटेल या समजुतीने. त्याचा उपयोग नाही, आणि ज्या अंतरावर गोळा पोचतो त्या अंतरावर थांबलेलंच नसावं.

लाइफ जॅकेटबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मी लिहिणार आहे. ज्या होड्यांवर मी गेलो त्यांतल्या बहुतेकींत जॅकेट होती आणि ती जाळ्याखाली किंवा फळीखाली कोंबलेली होती. जाळं ओढताना ती अडचणीची होतात हे खरं. म्हणून निदान एवढा नियम करा, ढगाचा तळ काळा आणि सपाट झाला की जाळं ओढायचं थांबवून आधी जॅकेट. पाण्यात पडल्यावर ते घालता येत नाही.

‘इशारा का मिळत नाही’ हा प्रश्न दर बंदरावर येतो. हवामान खात्याची डॉप्लर रडार मुंबईत आहेत, गोव्यात पणजीला आहे. पृथ्वी गोल असल्याने रडारचा किरण जितका लांब जातो तितका समुद्रापासून उंच होत जातो. शंभर किलोमीटरवर सगळ्यात खालचा किरणही साधारण दीड किलोमीटर उंचीवर असतो. पणजीपासून देवगड जवळजवळ तेवढंच आहे. पन्नास मीटर रुंदीचा आणि ढगाच्या खाली राहणारा भोवरा त्याला दिसणार कसा? वीस मिनिटांच्या सोंडेचा आधी इशारा मिळेल अशी आशा धरू नका. पण ज्या ढगातून ती उतरते तो ढग रडारला दिसतो, आणि हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज, म्हणजे नाऊकास्ट, त्याच्यावरच निघतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजा दाखवतं. हैदराबादच्या इन्कॉईस या समुद्र-माहिती केंद्राचा समुद्रस्थितीचा अंदाज निघण्याआधी बघावा. वायरलेस असेल तर चॅनल १६ (संकटाच्या हाकेचा चॅनल) चालू असू द्या, आणि सोंड दिसली तर जागा सांगून आसपासच्या होड्यांना कळवा. त्या दिवशी मी जे केलं नाही ते हेच. संकटात तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३, फोनला रेंज असेपर्यंत.

मावसभावाला मात्र निरोप आजच द्या, कारण पॅरासेलिंगवाल्याला तुमच्याएवढीही सवड नसते. होडीला पन्नास मीटरचा भोवरा चुकवता येतो. दोराला बांधलेलं छत्र आणि त्याखाली लटकलेलं माणूस वाऱ्याच्या पहिल्याच फटक्यात ताब्यातून जातं. जास्त वाऱ्यात बोटीचं इंजिन आणि विंच (दोर गुंडाळायचं यंत्र) छत्र खाली खेचायला पुरे पडत नाहीत, दोर तुटतो, आणि माणूस वाऱ्याबरोबर किनाऱ्यावरच्या माडांकडे जातं. म्हणून त्याच्यासाठी सोंड दिसण्याची वाट बघणंच चूक. दहा किलोमीटरच्या आत ढग फ्लॉवरसारखा वर फुगत असेल, गार वाऱ्याची एक झुळूक जरी आली, किंवा पाण्यावर लांब काळी सुरकुतलेली पट्टी सरकत येताना दिसली, तर पाहुणा खाली आणि पुढची फेरी बंद. पर्यटकाने पैसे परत मागितले तरी बंद. दिवाळीच्या गर्दीत हे अवघड जातं, मला कल्पना आहे.

किनाऱ्यावर असाल आणि सोंड पुळणीकडे येताना दिसली, तर सकाळच्या जातीची बहुधा वाळूला लागताच विरते. तरी होडीच्या शाकारलेल्या खोपीत किंवा माडाखाली थांबू नका. झावळ, नारळ आणि पत्रा, तिन्ही डोक्याच्या उंचीवरून येतात. जांभ्या दगडाचं पक्कं घर गाठा, खिडकीपासून लांब.

शेवटी तुमच्या व्हिडिओबद्दल. तो फेकू नका. त्यासोबत एका कागदावर चार गोष्टी लिहून जवळच्या वेधशाळेत पाठवा : सुरू आणि संपल्याची वेळ, होडीची जीपीएसवरची जागा, सोंड कुठल्या दिशेला होती, आणि ती विरल्यानंतर अर्ध्या तासात वारा कसा होता. चौथी गोष्ट काकांना विचारून लिहा, तुम्ही त्या वेळी फोनमध्ये बघत होता.